बोडीवर धुतलेल्या चिंध्या

धाकटी बाई माझ्या हातांवर गोमूत्र शिंपडायची. रोज. मागच्या अंगणात, गोठ्याच्या कुडाजवळ मी दोन्ही हात पुढे करून उभी राहायची. हातांवर धुऊन वाळवलेल्या चिंध्या. तिच्या हातात पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात गाईचं मूत. आधी चिंध्यांवर, मग माझ्या बोटांवर, मग मी उभी असायची त्या जमिनीवर. शिंपडताना ती तोंड बाजूला फिरवायची. मग म्हणायची,

"जाय आता. पू पूस."

तिच्या सासूच्या पायातला पू. तो पुसायला माझे हात आधी शुद्ध करून घ्यायचे. पू शुद्धच होता. मालगुजाराच्या घरचा पू होता तो.

तेव्हा मी तिला अहोजाहो करायची. लिहिताना करणार नाही.

मी पंधरा वर्षांची होते. दहावीत होते. आमच्या वस्तीतली दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. गाव लाखांदूरपासून चार कोसांवर. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, मधेमधे बोड्या, म्हणजे शेतात पाणी साठवायला बांधलेली लहान तळी. मालगुजारी, गावाची जमीनदारी, कायद्यानं कधीच गेली होती, माझ्या जन्माच्याही आधी. पण गावात त्या घराला मालगुजाराचंच घर म्हणायचे. बाबा त्यांच्याकडे सालावर कामाला होता. माय त्यांचा गोठा काढायची. आमची झोपडी ज्या जागेवर उभी होती ती जागाही त्यांचीच.

आमच्या लोकांनी तोवर पुष्कळ गोष्टी सोडल्या होत्या. जुने देव बोडीत सोडले. मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावात कुणाचा बैल मेला की पाटलाचा माणूस वस्तीच्या तोंडाशी येऊन हाका मारायचा आणि कुणी उठायचं नाही. तो दोन दिवस हाका मारायचा, मग बैलवाल्यालाच बंडी जुंपावी लागायची. बाबा हे सांगताना नेहमी हसायचा. त्याच बाबानं मला पू पुसायला पाठवलं. तो पाठवत नव्हता, त्याला नाही म्हणता येत नव्हतं. मला तेव्हा त्यातला फरक कळत नव्हता, आणि मला त्याचा फार राग यायचा.

सुरुवात पौषात झाली. मालगुजाराची आई, तिला सगळे मोठी बाई म्हणायचे, माहेरच्या गावाहून परत आली. बंडीतून उतरताना पाय घसरला आणि चाकाच्या लोखंडी धावेवर नडगी घासली. जखम लहानशी. आठ दिवसांत खपली धरली. कोणी लक्ष दिलं नाही. पण म्हातारीला साखरेचा आजार होता. खपली काही पडेना. तिच्या कडेनं लाल व्हायला लागलं, आणि एक दिवस खपलीखालून पिवळं पाणी आलं.

लाखांदूरहून डॉक्टर फटफटीवर आला. त्यानं पाय पाहिला, सुई टोचली, गोळ्या दिल्या आणि विचारलं, "रोज पट्टी कोण करेल?"

सगळे जमिनीकडे पाहायला लागले. मालगुजार, त्याची बायको धाकटी बाई, तिची नणंद. धाकटी बाई म्हणाली, "मले पाहूनच मळमळते, डाक्टरसाहेब." मग मायला हाक मारली. माय गोठ्यातून आली, हात पुसत. डॉक्टरनं तिचे हात पाहिले. भेगा, भेगांत शेण. तो म्हणाला, "हे हात चालणार नाहीत." मी मायच्या मागे उभी होते. शाळेतून परस्पर तिला बोलवायला आले होते. त्यानं मला हात दाखवायला लावले.

"हिचे हात स्वच्छ आहेत. ही करेल."

माझे हात स्वच्छ आहेत, असं मला त्या दिवसापर्यंत कोणी म्हटलं नव्हतं. मी फुलून गेले. खोटं कशाला बोलू? त्या एका वाक्यावर मी त्या घरात अडकले.

डॉक्टरनं मला समोर बसवून सांगितलं. खपली ओढायची नाही. पाणी खळखळ उकळायचं, कोमट होऊ द्यायचं, चिमूटभर मीठ टाकायचं. त्यानं जखम पुसायची. पट्टीचं कापड उकळायचं, कडक उन्हात वाळवायचं. चिकटलेली पट्टी भिजवून काढायची. आणि पाहायचं. खपलीभोवती लाली पसरली, हाताला गरम लागलं, पू वाढला, वास आला, ताप आला, तर एक दिवसही थांबायचं नाही, त्याला निरोप धाडायचा. मी त्याला सगळं परत म्हणून दाखवलं, कविता म्हणावी तसं. तो हसला. म्हणाला, "हुशार आहे." आणि फटफटी सुरू करून गेला. हे पाणी मी कुठे उकळायचं, ते त्यानं विचारलं नाही. त्याला ते सुचलंही नसेल.

दुसऱ्या दिवसापासून त्या घराचे नियम लागले.

मी मागच्या दारानं यायचं. पडवीत म्हातारीची बाज होती, तिथपर्यंत जायचं. त्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. म्हातारीच्या पायाला हात लावायचा, तिच्या बाजेला लावायचा नाही. माझ्यासाठी एक मातीचं गाडगं कुडाच्या खुंटीला टांगलेलं. त्यात धाकटी बाई वरून पाणी ओतायची, हातभर उंचीवरून, धारेचा शिंतोडा परत तिच्या तांब्याला लागू नये म्हणून. पहिले चार दिवस पाणी कढत होतं. मग कोमट. मग विहिरीचं थंडगारच.

चिंध्या म्हणजे म्हातारीच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या. पू लागलेल्या चिंध्या धुवायच्या कुठे? मी एकदाच विचारलं.

"बाई, चिंध्या उकळून देता काय? डाक्टरनं सांगतलं होतं."

"पुवाच्या चिंध्या? माह्या चुलीवर? जेवन होते तिथं."

"मग विहिरीवर धुवू?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "तू? विहिरीवर?"

मी परत विचारलं नाही.

मग बोडी. त्यांच्या शास्त्रात बोडीचं पाणी बाटत नाही. त्यात म्हशी बसतात, त्यात गुरं मुततात, पोट्टे ढुंगण धुतात, पण ते बाटत नाही. विहिरीचं पाणी माझ्या बादलीनं बाटतं. म्हणून मी रोज सकाळी चिंध्या घेऊन बोडीवर जायची. म्हशींना हाकलून काठाजवळची जागा करायची. दगडावर चिंध्या घासायची, झुडपांवर वाळत घालायची. मग त्या घेऊन मागच्या अंगणात. मग गोमूत्र. मग त्याच चिंध्या म्हातारीच्या उघड्या जखमेवर.

माघ सरला तसं बोडीचं पाणी उतरायला लागलं. खाली गेलं तसं हिरवं झालं. म्हशी होत्या तेवढ्याच राहिल्या. म्हातारीची जखम महिनाभर तशीच. सकाळी खपली, संध्याकाळी खपलीच्या कडेनं ओल. मला डॉक्टरचं बोलणं पाठ होतं आणि त्यातली एकही गोष्ट मला करता येत नव्हती. वर्गातही डोक्यात तेच चालायचं. खरं तर वर्गात मी अर्धाच वेळ असायची. तिसऱ्या तासानंतर म्हातारीची दुपारची पट्टी. गुरुजींनी दोनदा विचारलं, मग हजेरीत माझं नाव आलं की मान वर न करताच ते पुढे जायला लागले.

फाल्गुनात मी एक केलं. चिंध्या बोडीवर न नेता घरी नेल्या. आमच्याकडे शिजवायला दोनच गंज होते, एक भाताचा, एक वरणाचा. वरणाच्या गंजात पाणी घेतलं, चुलीतली राख टाकली, चिंध्या टाकल्या आणि खळखळ उकळल्या. माय गोठ्यातून आली, तिनं झाकण उचलून पाहिलं.

"हे कायचं शिजवून राहिली वं?"

"मोठ्या बाईच्या चिंध्या."

तिनं झाकण परत ठेवलं. त्या दिवसापासून तो गंज चिंध्यांचा झाला आणि आम्ही वरण भाताच्याच गंजात शिजवायला लागलो, भात उतरवून झाल्यावर. पट्टीच्या पाण्यासाठीही मी घरूनच बाटलीत उकळलेलं पाणी न्यायची, परकराच्या ओच्यात लपवून.

आठ दिवसांत जखम बदलली. लाली मागे सरली, रोज दिसेल एवढी. पू थांबला. नवी खपली धरली, काळपट, कोरडी, कडा घट्ट. कडेनं नवी गुलाबी कातडी आत सरकायला लागली. मी ती पाहून एकटीच हसायची. म्हातारीलाही बरं वाटायला लागलं. ती बाजेवर उठून बसायची. माझ्याशी बोलायची. तिचं लग्न नवव्या वर्षी झालं, सासरी येताना ती बंडीत झोपून गेली होती आणि जागी झाली तेव्हा माय नव्हती, हे तिनं मला सांगितलं. सुनेला तरी सांगितलं असेल का, कोण जाणे. एक दिवस म्हणाली,

"तुहा हात हलका हाये वं पोरी. दुखतच नाई."

मला ती आवडायला लागली होती. हे लिहायला लाज वाटते, पण आवडायला लागली होती. मला वाटायचं, ही बरी झाली की म्हणेल, या पोट्टीनं माझा पाय वाचवला. चारचौघांत म्हणेल. बस, मला तेवढंच पाहिजे होतं.

मग मी स्वतःच घोळ केला. कोणी चुगली केली नाही, कोणी पकडलं नाही. धाकटी बाई द्रोण घेऊन उभी होती, चिंध्यांकडे पाहत म्हणाली,

"आता कशा पांढऱ्याफेक दिसून राहिल्या. काय लावते वं?"

माझं कौतुक झालं असं मला वाटलं. मी सांगून मोकळी झाले. "काही नाई बाई. घरी उकळते. राखेच्या पान्यात."

द्रोण तिच्या हातातून पडला.

"कोनाच्या घरी?"

पुढचं सगळं फार भराभर झालं. तिनं हाकांनी घर डोक्यावर घेतलं. आमच्या चुलीवर शिजलेलं कापड इतके दिवस म्हातारीच्या अंगाला लागलं होतं. ओलं. आमच्या घरचं पाणी. मालगुजार झोपाळ्यावरून उठून आला. म्हातारीनं ऐकलं आणि ती बाजेवर आक्रसली. माझ्यापासून नाही, स्वतःच्या पायापासून.

"काढ," धाकटी बाई म्हणाली. "आताच्या आता काढ ते आंगावरून."

पट्टी चिकटली होती. मी म्हटलं, "भिजवून काढते बाई, खपली निघून जाईन."

"कायच्या पान्यानं भिजवशीन? तुह्या घरच्या? ओढ!"

मी म्हातारीकडे पाहिलं. वाटलं, ही तरी थांबवेल. पाय तिचा होता. दुखणार तिला होतं. तिनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली,

"ओढ."

मी ओढली. पट्टीबरोबर खपली आली. एवढ्या दिवसांची नवी कातडी आली. रक्त नडगीवरून टाचेपर्यंत गेलं. म्हातारी रडली नाही. मी रडले. त्यांना वाटलं मी भीतीनं रडते आहे.

बाबाला खळ्यावरून बोलावलं. तो अंगणात हात जोडून उभा राहिला. "चुकलं मालक. पोट्टी लहान हाये." मालगुजारानं बोटानं अंगण दाखवलं. मला नाक घासायला लावलं, ताज्या सारवलेल्या अंगणात, कुडापासून तुळशीपर्यंत. तुळशीच्या चार हात अलीकडे थांबवलं, तुळस बाटेल म्हणून. शेण नाकात गेलं. मागे बाबा उभा होता आणि त्याच्या पायांची बोटं जमिनीत रुतत होती, तेवढंच मला दिसत होतं.

यानंतर मला त्या घरात येऊ देणार नाहीत असं मला वाटलं. मला आतून आनंदसुद्धा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मालगुजाराचा गडी झोपडीपुढे हजर.

"पट्टी कराले बलावलं."

कारण पू पुसायला दुसरं कोणी नव्हतं. बाटवणारीही मीच आणि पट्टी करणारीही मीच. मी बाबाला म्हटलं, मी जात नाही. तो चुलीकडे पाहत बसला. मग म्हणाला, "जाय माय. जागा त्यायची हाये." तो मला माय म्हणायचा ते लाडानं. त्या दिवशी ते विनवणीसारखं वाटलं. मी गेले. परत बोडी, परत द्रोण, परत गाडगं. आता तर धाकटी बाई चिंध्या मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची.

दहावीची परीक्षा लाखांदूरला होती. सकाळच्या एसटीनं जायचं. मी धाकट्या बाईकडे सकाळच्या पट्टीची सुट्टी मागितली. ती म्हणाली, "परीक्षा देऊन कलेक्टर होनार काय? मोठ्या बाईचा पाय पाहा आधी." पहिल्या पेपरच्या दिवशी मी बोडीत गुडघाभर उभी होते. रस्ता बोडीला लागूनच. एसटी आली, धूळ उडवत गेली. खिडकीत माझ्या वर्गातल्या दोघी होत्या. एकीनं हात हलवला. माझ्या हातात पिळलेली चिंधी होती. मी ती खाली केली आणि दुसरा हात हलवला. आजही कुठे एसटीच्या खिडकीतून कोणी हात हलवला की मला हिरव्या पाण्याचा वास येतो.

चैत्रात बोडीत पाणी राहिलंच नाही. मधे चिखल आणि चिखलात म्हशी. काठाशी जे होतं त्यात मी चिंध्या धुवायची. आणि म्हातारीच्या पायात एकेक करून सगळं यायला लागलं, डॉक्टरनं सांगितलं होतं त्याच क्रमानं. आधी लाली. मग हाताला गरम लागायला लागलं, कापडावरूनसुद्धा. वरून खपली धरलेली, पण दाबली की कडेनं हिरवट पू. मग वास. मग लाली नडगीवरून गुडघ्याकडे चढली. मग जांघेत अवधान आलं, सुपारीएवढी गाठ. मी प्रत्येक वेळी धाकट्या बाईला सांगितलं.

"बाई, डाक्टरले निरोप धाडा. पाय आतून पिकून राहिला."

"वरून खपली धरली नं? मग बरीच होऊन राहिली."

"खपलीखाली पू हाये बाई."

"तू डाक्टरीन झाली काय?"

मालगुजारालाही सांगितलं, अंगणाबाहेर उभी राहून. तो म्हणाला, धान भरडायला गेलं आहे, माणसं रिकामी नाहीत, दोन दिवसांनी पाहू. दोन दिवसांनी परत दोन दिवस. मला रोज ती जखम उघडावी लागायची, रोज ती कालच्यापेक्षा वाईट दिसायची आणि रोज मी तिच्यावर बोडीची चिंधी बांधायची. आपल्याच हातानं आपण हिचा पाय कुजवतो आहोत, हे मला पुरतं कळत होतं. थांबले तर बाप उघड्यावर येतो. नाही थांबले तर म्हातारी मरते. मला जेवण जात नव्हतं. हातांना तो वास लागून राहिला होता, राखेनं घासला तरी जाईना.

मग ती दुपार आली. ऊन मी म्हणत होतं. घरातले सगळे आत झोपलेले. पडवीत मी आणि म्हातारी. तिला सणसणून ताप. डोळे मिटलेले, ओठ सुकून चिरलेले. मी पट्टी सोडली होती, जखम उघडी होती, माशा हाकलत होते.

"पानी," ती म्हणाली. "पानी दे वं कोनी."

मी हाक मारली, "बाई!" कोणी आलं नाही. परत मारली. तिसऱ्यांदा मारली. आत कुणीतरी कूस बदलल्याचा आवाज आला. म्हातारी "पानी, पानी" करत होती. माठ पडवीच्या त्या टोकाला, मला मनाई होती तिथे. सात पावलं. मी उठले, गेले, तांब्यानं पाणी काढलं. तिची मान उचलून धरली आणि तांब्या ओठांना लावला.

ती प्यायली. दोन मोठे घोट. घशाची कातडी वरखाली झाली. तोंडावर एकदम शांतपणा आला, लहान मुलाच्या येतो तसा. मग तिनं डोळे उघडले. तांब्या पाहिला. तांब्यावरचा हात पाहिला. माझं तोंड पाहिलं.

आणि तोंडातलं पाणी माझ्यावर थुंकली.

"बाटवलं," ती म्हणाली. ओरडायची ताकद तिच्यात नव्हती. हळूच म्हणाली. "मरतानी बाटवलं मले इनं."

दोन घोट आत गेले होते. ते तिला काढता आले नाहीत.

माझ्या गालावरून पाणी हनुवटीवर आलं. त्यात तिची लाळ होती. तीन महिने मी हिचा पू काढला. माझ्या नखांत तिचा पू होता, आणि तो तिला चालत होता. त्या हातातलं पाणी चालत नव्हतं. मला वाटत होतं, हे धाकट्या बाईचं, मालगुजाराचं काम आहे, म्हातारी तशी नाही. म्हातारी तशीच होती. तिचा पाय कुजत होता, ताप डोक्यात गेला होता, नाव-गाव ध्यानात नव्हतं, आणि तेवढं एक मात्र पक्कं ध्यानात होतं.

मी तांब्या माठावर नेऊन ठेवला. उपडा नाही, सरळ. बाहीनं तोंड पुसलं. खुंटीवरचं माझं गाडगं काढलं आणि अंगणात आपटलं. फुटल्याच्या आवाजानं धाकटी बाई बाहेर आली.

"काय झालं वं?"

"मी चालली," म्हटलं. आणि पुढच्या दारानं निघाले. त्या दारातून आमच्या घराण्यातलं कोणी कधी गेलं नव्हतं.

जखम मी उघडी टाकून आले. माशा बसत होत्या. हे मी लपवत नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मालगुजार स्वतः आला. आमच्या वस्तीत तो पहिल्यांदाच येत होता. झोपडीपासून दहा पावलांवर उभा राहिला, धोतराचा सोगा हातात धरून. बाबा बाहेर गेला आणि हात जोडून उभा राहिला. माय चुलीपाशी. मी दारात.

"मोठी बाई तापानं फनफनून राहिली. पट्टी कोन करन?" तो बाबाला म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मीच बोलले.

"मी करते मालक. आता येते. पन विहिरीचं पानी मीच काढीन. चिंध्या तुमच्याच चुलीवर उकळीन. अन् आजच डाक्टर बलावा."

त्यानं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. त्याला म्हातारीचा पाय दिसत होता, मला खात्री आहे. आईवर जीव होता त्याचा. विहीर आणि आई, दोन्ही त्याच्या डोळ्यांपुढे होत्या. मग तो बाबाकडे वळला.

"झोपडी कोनाच्या जागेवर हाये, सांग हिले."

बाबाची मान खाली गेली. मला माहीत होतं तो काय म्हणणार. जाय माय. मी ते ऐकायची वाट पाहत होते, आणि ते ऐकलं असतं तर गेलेही असते बहुतेक. पण बाबा बोलायच्या आधी माय उठली. तिनं चुलीवरचा भाताचा गंज उतरवला. चिंध्यांचा गंज उचलला. एकात एक ठेवले आणि बाहेर आणून मालगुजाराच्या समोर जमिनीवर ठेवले. मग आत जाऊन पाटा आणला. मग गोधड्या. मालगुजार पाहत राहिला. बाबाही पाहत राहिला, मग तोही आत गेला आणि छपराच्या लाकडी बल्ल्या सोडायला लागला.

त्या दिवशी आमचं घर तळ्याच्या पाळीवर गेलं, सरकारी जागेवर. वस्तीतली चार माणसं आली, बल्ल्या उचलायला. बाबाचं सालाचं काम सुटलं.

म्हातारीला त्यानंतर तिसऱ्या दिवशी नागपूरला नेलं. पाय गुडघ्याच्या वरून कापला. ती आणखी काही वर्षं जगली. मी तिला परत पाहिलं नाही. गावात अजून सांगतात, त्या पोट्टीच्या पाण्यानं पाय गेला. बोडीचं कोणी सांगत नाही. गोमूत्राचंही नाही.

पुष्कळदा मला विचारतात, आणि मीही स्वतःला विचारते, की पाय कुजत होता तेव्हा तू मान धरून का बसलीस. जायला पाहिजे होतं. माणूस मोठा की मान. मी विचार करून करून झिजवला आहे हा प्रश्न. मी गेले असते तर बोडीचीच चिंधी बांधली असती. तिचा पाय माझ्या जाण्यानं वाचणार नव्हता, विहिरीच्या पाण्यानं वाचणार होता. तो दोर तिच्या लेकाच्या हातात होता.

दहावी मी पुढल्या वर्षी दिली. मग नर्सबाईचं शिक्षण घेतलं. आता सिहोऱ्याकडच्या गावांत सायकलनं फिरते, पांढरं पातळ नेसून. सुया टोचते, बाळंतपणं करते, जखमा बांधते. पातळ पाहून लोक बाज टाकतात, बसा म्हणतात. मग कोणीतरी हळूच विचारतं, "बाई, गाव कोनतं? आडनाव काय?" मी सांगते. मग घरात कुजबुज होते आणि माठावरचा तांब्या आत जातो.

माझा एक नेम आहे. जखम कितीही मोठी असो, घर कुणाचंही असो. पट्टी सोडण्याआधी मी उठते, त्यांच्या माठापाशी जाते, हात धुते, हातानं झाकण काढते, पाणी घेते आणि तिथेच उभी राहून पिते. सगळ्यांच्या देखत. मग त्यांच्या चुलीवर पाणी उकळते. त्यांच्या चुलीवर कापड उकळते. मग जखमेला हात लावते. कोणी म्हणतं, "आमी देतो नं बाई पानी, तुमी कायले उठता?" मी काढते आणि पिते.

मागच्या आठवड्यात एका घरी म्हाताऱ्याच्या पायाची खपली पाहायला गेले होते. कडेनं लाली, हाताला गरम. मी पाणी प्यायले, पट्टी केली, निघाले. सायकलवर बसेपर्यंत मागे माठ फुटल्याचा आवाज आला. त्यांनी मुद्दाम मला ऐकू येईल असा फोडला.

फोडा. जखम पिकलेली आहे, रोज पट्टी लागणार आहे. मी दुसऱ्या दिवशी गेले. नवा माठ होता. त्यातही हात घातला. उद्याही जाणार आहे.